अमानित्व आणि ईश्वरी आदेश : वारकरी संतांच्या आत्मनिवेदनांचा एक ऐतिहासिक विचार

१

महाराष्ट्रातील भक्तिसंप्रदायाचा इतिहास अभ्यासणाऱ्यास संतांची दोन विधाने वारंवार आढळतात. आपणांस मार्ग ईश्वराने दाखविला, हे पहिले विधान. आणि अहंकार गळाल्यावाचून तो मार्ग दिसत नाही, हे दुसरे. पहिल्या विधानाची सत्यासत्यता ठरविणे इतिहासाच्या कक्षेबाहेरचे आहे. स्वप्नात कोणी दर्शन दिले किंवा नाही, याचा पुरावा दप्तरात सापडत नाही. दुसऱ्या विधानाचा विचार मात्र इतिहासकारास करता येतो व तो केलाही पाहिजे. कारण नम्रता ही केवळ अंतःकरणाची वृत्ती नसून माणसामाणसांमधील व्यवहार आहे. कोण कोणापुढे नमला, कशासाठी नमला आणि नमल्यानंतर त्याच्या हातून काय घडले, हे प्रश्न साधनांच्या आधारे विचारता येण्याजोगे आहेत.

या प्रश्नांकडे आपल्या संशोधनात प्रायः आडवळणानेच लक्ष गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील आपल्या ग्रंथात संतांच्या चळवळीला राष्ट्रीय जागृतीचे श्रेय दिले. उलटपक्षी इतिहासाचार्य राजवाडे यांनी संतांचा धर्म सहिष्णू व रामदासांचा महाराष्ट्रधर्म जयिष्णू असा भेद करून पहिल्याकडे उणेपणा लावला. दोघांचीही दृष्टी संतांच्या शिकवणुकीच्या राजकीय फलाकडे लागलेली होती. नम्रता ही शरणागती आणि शरणागती ही दुर्बलता, असे समीकरण मनाशी धरून एका पक्षाने तिचे समर्थन केले व दुसऱ्याने तिचा निषेध केला. ते समीकरणच मुळात कितपत खरे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साधनांविषयी आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. संतचरित्रांची आपली बहुतेक माहिती महिपतीच्या ग्रंथांतून आलेली आहे. महिपतीचा जन्म १७१५ चा व त्याचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. म्हणजे ज्ञानदेव-नामदेवांपासून तो जवळजवळ पावणेपाचशे वर्षे दूर आहे. त्याची श्रद्धा निर्मळ असली तरी त्याचे वृत्तान्त हे मुख्यतः त्याच्या काळच्या संप्रदायाचे स्वतःविषयीचे मत दर्शवितात. याउलट तुकाराम आणि बहिणाबाई यांनी स्वतःविषयी जे सांगितले आहे ते आत्मनिवेदन होय. पुढील विवेचनात हे दोन प्रकारचे पुरावे शक्य तितके वेगळे ठेविले आहेत.

२

संप्रदायाचा तात्त्विक पाया ज्ञानेश्वरीत आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांचे विस्तृत निरूपण येते. गीतेने त्या मालिकेत अग्रस्थान अमानित्वाला दिले आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, अमानित्व हे ज्ञान मिळविण्याचे बाह्य साधन म्हणून सांगितलेले नसून, या सर्व गुणांच्या समुच्चयालाच गीता ज्ञान असे नाव देते. अर्थात जो मान मागतो त्याला ज्ञान होण्यास अद्याप उशीर आहे, एवढाच याचा अर्थ नव्हे. मान मागणे हेच अज्ञान, असा तो आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अमानित्व आणि दैन्य ही एक नव्हेत. ज्ञानदेवांनी अमानी पुरुषाचे जे चित्र रेखाटले आहे, त्यातील पुरुष काही नसलेला असा नाही. त्याच्या ठिकाणी बृहस्पतीच्या तोडीची सर्वज्ञता असली तरी लौकिकाच्या भीतीने तो वेडेपणाच्या आड लपतो, असे ते म्हणतात. म्हणजे ज्याच्याजवळ मान घेण्याजोगे काही आहे, त्याने तो न मागणे हे अमानित्व होय. ज्याला मान कधी मिळालाच नाही, त्याच्या मुकाट्याने सोसण्याला हा शब्द ज्ञानेश्वरीच्या आधारे लावता येणार नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुढील काळात या गुणाचा उपदेश पुष्कळदा चुकीच्या माणसांना केला गेला.

चौथ्या अध्यायातील प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा या त्रयीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ज्ञानदेवांनी संतांना ज्ञानाचे निवासस्थान मानून सेवेला त्याच्या प्रवेशद्वाराची उपमा दिली आहे. तथापि, प्रणिपाताबरोबरच परिप्रश्नही त्या त्रयीत आहे, हे विसरून चालत नाही. नमस्कार करणाऱ्याने प्रश्न विचारू नये, असे गीतेलाही अभिप्रेत नाही व ज्ञानदेवांनाही नाही.

३

या तत्त्वाची कथारूपाने सर्वांत प्रसिद्ध झालेली कसोटी म्हणजे नामदेवांच्या गुरूपदेशाचा प्रसंग. संतांचा मेळा जमला असता तेरचे गोरोबा कुंभार यांनी थापटण्याने एकेकाच्या मस्तकावर ठोकून मडकी पक्की की कच्ची हे पाहिले. नामदेव रागावले आणि त्यांचे मडके कच्चे ठरले. दुखावलेले नामदेव पंढरीस विठ्ठलाकडे गेले, तेव्हा देवाने त्यांची समजूत घालण्याऐवजी विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले आढळले. पाय जेथे लिंग नसेल तेथे ठेव, असे त्यांनी म्हटल्यावर नामदेवांना तशी जागाच सापडेना. हा प्रसंग औंढा नागनाथ येथे घडला, असे सामान्यतः मानले जाते.

ही कथा नामदेवांच्या गाथेत समाविष्ट झालेल्या अभंगांतून व महिपतीकडून आपणांपर्यंत आली आहे. आणि त्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्यासारख्या उत्तरकालीन कवींची रचना मिसळली असल्याने तिचा तपशील जसाच्या तसा घटना म्हणून स्वीकारता येत नाही. परंतु संप्रदायाने ही कथा जपली आणि तिला मध्यवर्ती स्थान दिले, ही गोष्ट निःसंशय आहे. आणि कथेची रचना मोठी बोलकी आहे. नामदेव हे देवाचे लाडके; देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचे जेवतो. ज्याला मध्यस्थाची गरज सर्वांत कमी, त्यालाच देव स्वतः मार्गदर्शन करण्याचे नाकारतो व एका माणसाकडे पाठवितो. देवाशी असलेली जवळीक हाच नामदेवांचा अहंकार होता. म्हणून तो देवाच्या सान्निध्यात गळणे शक्य नव्हते. परीक्षा घेणारा कुंभार आहे आणि उपदेश करणारा विसोबा हा, महिपतीच्या कथनानुसार, पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांचा द्वेष करून नंतर त्यांच्यापुढे नमलेला गृहस्थ आहे. ज्याचा स्वतःचा अभिमान एकदा मोडला आहे, तोच दुसऱ्याचा मोडू शकतो, असे कथाकारास सुचवावयाचे असावे.

तथापि, नामदेवांची नम्रता म्हणजे अपमान निमूटपणे गिळणे नव्हे, याचा पुरावा महाराष्ट्राबाहेर सुरक्षित राहिला आहे. १६०४ साली संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात, हीन जातीचा म्हणून आपणांस भजन करीत असता देवळातून उठवून लावले, याची उघड तक्रार आहे व देवाने देऊळच भक्ताकडे फिरविल्याचे वर्णन आहे. गोरोबांच्या थापटण्यापुढे डोके लवविण्यास शिकलेला हाच भक्त पुजाऱ्यांच्या हुकुमापुढे डोके लववीत नाही. दोन्ही प्रसंग एकाच परंपरेने एकाच संताच्या नावावर जमा केले आहेत आणि तिला त्यांत विसंगती वाटली नाही.

४

नामदेवांच्या कथेत जी नम्रता उपदेश ऐकण्यासाठी लागते, तीच एकनाथांच्या (१५३३–१५९९) कार्यात ग्रंथ वाचण्यासाठी लागते. विद्यापीठीय वाचकास हे उदाहरण विशेष जवळचे वाटावे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असता हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथांनी रात्र जागविली, ही चरित्रकारांची आवडती कथा आहे. चूक सापडल्याचा आनंद पाहून, संसारातील मोठी चूक सापडली तर केवढा आनंद होईल, असे गुरू म्हणाले. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील मनुष्यस्वभाव खरा आहे. कारण पुढे हाच हिशेबनीस ज्ञानेश्वरीचा संशोधक झाला.

आजानवृक्षाची मुळी आपल्या कंठास लागली असून ती तू येऊन काढ, असे ज्ञानदेवांनी स्वप्नात सांगितल्याचा अभंग एकनाथांच्या नावे प्रचलित आहे. स्वप्नातील हा आदेश शब्दशः घेऊन ते आळंदीस गेले, असे संप्रदाय मानतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरामुळे तो अबद्ध झाला, असे त्यांनी प्रतीच्या शेवटी नमूद केले. आणि यापुढे जो कोणी यात आपली ओवी घालील, तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, अशा अर्थाचा इशाराही दिला.

हा इशारा देणारा मनुष्य स्वतः थोर कवी होता. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्याची विस्तृत टीका काशीस १५७३ साली पूर्ण झाली होती. जेथे स्वतःची वाणी चालविण्याचा अधिकार होता तेथे एकनाथांनी ती मुक्तपणे चालविली. जेथे दुसऱ्याची वाणी जपावयाची होती तेथे ती आवरली. नम्रतेची ही एक अत्यंत व्यावहारिक व्याख्या आहे. एकनाथांचे पाठ सर्वत्र निर्दोष होते, असे म्हणण्याचा येथे आग्रह नाही. राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता व तेव्हापासून एकनाथांनी काय बदलले याची चर्चा चालत आली आहे. परंतु आदेश आला तो नवे काही बोलण्याचा नसून जुने नीट ऐकण्याचा आला, आणि तो पाळणाऱ्याने स्वतःच्या प्रतिभेला मर्यादा घालून घेतली, हे यातील मर्म पाठभेदांच्या निर्णयावर अवलंबून नाही.

५

सतराव्या शतकात आपण आत्मनिवेदनांच्या भक्कम भूमीवर येतो. तुकारामांनी (१६०८–१६५०) आपल्या गुरूपदेशाविषयी जो अभंग रचला, तो त्याच्या साधेपणामुळेच विश्वसनीय वाटतो. गंगास्नानास जात असता वाटेत सत्पुरुष भेटले, त्यांनी मस्तकी हात ठेविला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले. परंतु स्वप्नात त्याचा विसर पडला. राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी परंपरेची खूण सांगून त्यांनी स्वतःचे नाव बाबाजी असे सांगितले व रामकृष्णहरी हा मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी व गुरुवार एवढा कालनिर्देश आहे. वर्ष दिलेले नसल्याने त्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. स्वतःचा मोठेपणा रचू पाहणाऱ्याने तूप विसरल्याची नोंद ठेविली नसती. आपल्या हातून गुरूची काहीच सेवा घडली नाही, असेही तुकाराम आरंभीच कबूल करतात. ज्ञानदेवांच्या उपमेतील सेवेचे द्वार त्यांनी ओलांडलेलेच नाही. तरी ते आत आले आहेत. नम्रता ही कृपेची किंमत नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. तिने काही विकत घेतले जात नाही. आलेले ओळखता येते, एवढेच.

तुकारामांचा दुसरा आत्मचरित्रपर अभंग याहून मौलिक आहे. संतांनी विचारले म्हणून सांगतो, एरव्ही हे बोलू नये, अशी प्रस्तावना करून ते आपल्या आयुष्याचा क्रम सांगतात. शूद्र जात, वाण्याचा व्यवसाय, १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात झालेली धूळधाण, अन्नावाचून गेलेली पत्नी, पडक्या देवळाचा जीर्णोद्धार, संतवचनांचे आदरपूर्वक पाठांतर, पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून धरलेले ध्रुपद. त्यानंतर स्वप्नातील उपदेश. त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती. त्यानंतर निषेधाचा आघात, वह्यांचे बुडणे, देवाच्या दारी धरलेले धरणे आणि शेवटी समाधान. स्वप्नात पांडुरंगाला बरोबर घेऊन नामदेव आले व त्यांनी कवित्वाचे काम सांगितले, हे ते अन्यत्र सांगतात.

या क्रमाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, आदेशापूर्वीची अवस्था ही दुसऱ्याचे शब्द पाठ करण्याची व दुसऱ्याच्या मागे गाण्याची आहे. स्वतःचा आवाज लाभण्यापूर्वी तुकारामांनी दुसऱ्याच्या आवाजात आपला मिसळला होता. दुसरा निष्कर्ष सामान्यतः दुर्लक्षित राहतो. याच अभंगात, सत्य व असत्य यांचा निवाडा करताना आपण आपल्या मनालाच साक्षी ठेविले आणि बहुमताला मानले नाही, असे तुकाराम म्हणतात. संतांच्या चरणतीर्थाचे सेवन करणारा मनुष्य बहुमत मात्र जुमानत नाही. वह्या बुडविण्याची वेळ आली तेव्हा तो निषेध करणाऱ्यांचे मत पत्करीत नाही. देवाच्या दारात धरणे धरून बसतो. धरणे हा सावकाराने ऋणकोच्या दारी किंवा अन्यायपीडिताने धन्याच्या दारी वापरावयाचा उपाय होता. तो देवावर चालविण्यात धिटाई आहे. परंतु ती नम्रतेशी विरुद्ध नाही. आपला अभिमान सोडलेल्या मनुष्याला निकाल कोणाकडे मागावयाचा, एवढे निश्चित कळलेले असते.

पुढे वाघोलीचे विद्वान ब्राह्मण रामेश्वरभट्ट, ज्यांचा या निषेधाशी परंपरेने संबंध जोडला आहे, ते तुकारामांचे अनुयायी झाले व त्यांनी रचलेली तुकारामांची आरती आजही गायिली जाते. येथेही नमणारा तोच आहे, ज्याच्याजवळ विद्या, जाती आणि अधिकार होता.

बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मनिवेदन हे या साखळीतील सर्वांत कठीण प्रकरण होय. वेरूळजवळील देवगाव येथे ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या स्त्रीने कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनांतून तुकारामांचे अभंग ऐकले. प्रिय वासराच्या मृत्यूनंतर तिला स्वप्नात तुकारामांनी मंत्रोपदेश केला. ब्राह्मण स्त्रीने शूद्राला गुरू मानावे, हे वैदिक पतीला असह्य झाले व त्याने तिला मारहाण केली. बहिणाबाईंनी हे सर्व लिहून ठेविले आहे. पातिव्रत्य सोडले नाही व गुरूही सोडला नाही. पतीची सेवा हा आपला धर्म मानूनही त्याच्या आज्ञेने त्यांनी आपले स्वप्न खोटे ठरविले नाही. आजच्या वाचकास त्यांचे पातिव्रत्यविषयक विचार पटणार नाहीत. पटण्याची आवश्यकताही नाही. परंतु जातीचा अभिमान बाळगण्याचा जो अधिकार त्यांना जन्माने मिळाला होता, तो त्यांनी टाकला. आणि घरात त्यांना जी दुय्यम जागा मिळाली होती, तिच्यापुढे त्यांची अंतरीची साक्ष मात्र वाकली नाही. एकाच व्यक्तीच्या ठिकाणी अमानित्व व लादलेले दैन्य यांचा भेद इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

६

हा भेद येथवर सोईस्करपणे सिद्ध होत आला आहे. म्हणून त्याला प्रतिकूल असा पुरावाही पुढे ठेविणे प्राप्त आहे. नामदेवांच्या समकालीन मेळ्यात चोखामेळा होते. त्यांच्या अभंगांत स्वतःच्या हीनतेचे उच्चार विपुल आहेत. १३३८ साली मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. त्याच महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. भक्तांच्या पायांची धूळ मस्तकी लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली, अशी श्रद्धा आहे.

दोन्ही स्थाने परस्परांसमोर आहेत. दोन्हींचे वर्णन नम्रतेची स्मारके म्हणून केले जाते. परंतु एकाने उंबरठा निवडला आणि दुसऱ्याला उंबरठ्याच्या आत येण्याची मुभा नव्हती. या दोहोंना एकाच नावाने ओळखणे इतिहासाला मान्य होण्यासारखे नाही. संप्रदायाच्या आतच हे जाणवले होते, याची साक्ष चोखोबांचा पुत्र कर्ममेळा देतो. त्याच्या अभंगांत हीन जन्म का दिला, म्हणून देवाला उघड जाब विचारलेला आहे. सोयराबाईंच्या अभंगांत विटाळाच्या कल्पनेचीच उलटतपासणी आहे. ज्यांच्यावर दैन्य लादले होते, त्यांनी ईश्वराशी बोलताना परिप्रश्नाचा हक्क वापरला. आणि गाथांच्या संग्राहकांनी ते अभंग गाळले नाहीत, ही गोष्ट संप्रदायाच्या श्रेयाची आहे.

तथापि, अभंग जपणे वेगळे आणि दार उघडणे वेगळे. चोखोबांच्या समाधीपुढे माथा टेकून आत जाणाऱ्यांनी चोखोबांच्या जातभाईंना बाहेरच ठेविले. सहा शतकांनंतर, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. चोखोबांचे स्मरण करण्याची ही रीत पायरीजवळच्या नमस्काराहून वेगळी आहे. पण तीत आदर कमी आहे, असे कोणास म्हणता येणार नाही.

७

वरील विवेचनाचा सारांश असा. तेराव्यापासून सतराव्या शतकापर्यंतच्या ज्या प्रसंगांत ईश्वरी मार्गदर्शन लाभल्याचे वारकरी परंपरा सांगते, त्यांत नम्रतेची अपेक्षा नेहमी त्याच्याकडून आहे, ज्याच्याजवळ काहीतरी आहे : नामदेवांजवळ देवाची जवळीक, एकनाथांजवळ प्रतिभा व पांडित्य, रामेश्वरभट्टांजवळ विद्येचा अधिकार, बहिणाबाईंजवळ कुलाभिमान. मार्गदर्शन प्रायः अशा द्वारे येते, ज्याकडे त्या अभिमानाने पाहिलेच नसते : कुंभार, शिवलिंगावर पाय पसरलेला वृद्ध, शूद्र वाणी. तुकाराम काही अंशी या नियमाला अपवाद आहेत. त्यांचे जे होते ते दुष्काळाने आधीच हिरावून घेतले होते, आणि कदाचित म्हणूनच त्यांना मार्ग दाखविण्यास जिवंत माणूसही लागला नाही, स्वप्न पुरले.

दुसरे असे की, या नम्रतेचे फळ मौन हे नाही. नामदेव संप्रदायाच्या श्रद्धेनुसार पंजाबपर्यंत गेले, एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला, तुकारामांनी व बहिणाबाईंनी लिहिले. आदेश मिळाल्याची खूण म्हणजे कार्य होय. सहिष्णू व जयिष्णू या जोडीत या वृत्तीला जागा सापडत नाही. कारण ती व्यक्तीपुरती सहन करते आणि सत्यापुरती हटत नाही.

तिसरे, व या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे, हे की नम्रता ही मागण्याची वस्तू नाही. ती स्वतःविषयी बाळगावयाची असते. ज्या दिवशी एक मनुष्य दुसऱ्याला तू नम्र हो, म्हणजे तुला देव दिसेल, असे सांगू लागतो आणि स्वतः मात्र दारात उभा राहून कोणाला आत सोडावे हे ठरवितो, त्या दिवशी अमानित्व संपून केवळ मानाची वाटणी उरते. संतांची कसोटी लावावयाची झाल्यास ती प्रथम त्या द्वारपालास लावली पाहिजे. गोरोबांचे थापटणे त्या मेळ्यात सर्वांच्या मस्तकांवरून फिरले होते, हे कथाकाराने विसरू दिलेले नाही. आणि ज्ञानाचा व्यवसाय करणाऱ्या आपणांसारख्यांनीही ते विसरू नये.